मजुरी माफ, चूक माफ नाही: बागेतल्या झाडांच्या सेवेला निघालेल्या भाच्याला कानमंत्र

भाचेबुवा,

कामोठ्याच्या बागेत तू आणि तुझ्या धंद्यातली चार मित्रमंडळी रविवारी बिनमोबदला झाडांची देखभाल करणार, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. आठवडाभर पैसे घेऊन जे करतो तेच एक दिवस फुकट करायचं, एवढंच तुझ्या मनात असणार. तसं नसतं रे. ठेक्याच्या कामावर मुकादम असतो, बिल तपासणारा असतो, चुकलं तर पैसे अडवून धरणारा असतो. सेवेच्या कामावर सगळे कौतुक करतात आणि चहा पाजतात. हात धरणारं कुणी नसतं, म्हणून तिथे आपला हात आपणच धरायचा. मजुरी माफ असते, चूक माफ नसते.

तुमच्यासारखी माणसं इतरत्रही आहेत. अमेरिकेत २०१५ पासून ‘सॅल्यूटिंग ब्रँचेस’ या नावाखाली झाडं सांभाळणारे व्यावसायिक दर सप्टेंबरात एक दिवस माजी सैनिकांच्या दफनभूमीतली झाडं विनामूल्य निगुतीनं नीट करतात. आपल्याकडे पुण्यात २०१८ मध्ये ‘आंघोळीची गोळी’च्या तरुण मुलांनी झाडांतले खिळे उपटायची मोहीम काढली आणि ती पुढे इतर शहरांत गेली. त्यांच्या हातात तुमच्यासारखे चढाईचे दोर नव्हते, फक्त पकड आणि हातोडी होती. तरीही झाडांचं भलं झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण तुझा डोळा नेहमी शेंड्यावर असतो आणि बागेतलं निम्मं काम जमिनीवर असतं.

आता एकेक ऐक.

१. बाग कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचार — कामोठे सिडकोनं वसवलं, १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा ते तिच्यात आलं. कुठली रांग, कुठला कोपरा कुणाच्या कागदावर आहे हे फाटकावरच्या पाटीवरून कळेलच असं नाही.

२. छाटणीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय करवत पिशवीतून काढू नकोस — १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांचा कायदा झाड तोडण्यातच त्याला इजा करणंही धरतो, आणि तुमचा हेतू चांगला होता हे कागदावर दिसत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला लाकडाची निकड असतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला मालकाच्या संमतीशिवाय हात लावायची मनाई आहे. तुझी निकड त्याहून मोठी नाही.

३. परवानगीची एक प्रत खिशात, एक बागेतल्या माळीदादांकडे — सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांनी ‘कुणी सांगितलं हो तोडायला?’ म्हणून दरडावलं, तर रागावू नकोस. असे आजोबा आहेत म्हणून झाडं आहेत. कागद दाखव आणि त्यांना चहाला बोलाव.

४. गावठाणाजवळचा एखादा जुना वड किंवा पिंपळ कामाच्या यादीत आला, तर त्याचं वय आधी विचारून घे — २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यापुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं, त्याचे नियम जास्त कडक आहेत. सिडकोची स्थापनाच १९७० ची, तेव्हा तिनं वसवलेल्या भागातली बहुतेक झाडं तरुण; गावातली मात्र आपल्या आधीची असू शकतात.

५. पहिली फेरी रिकाम्या हातानं मार, माळीदादांना सोबत घेऊन — हातात करवत असली की माणसाला कापण्याजोगंच दिसतं. आधी डोळा, मग कोयता.

६. माळीदादांना ‘कुठलं झाड त्रास देतंय?’ असं विचारू नकोस, ‘कुठल्या झाडाखाली पावसात तुम्ही उभे राहत नाही?’ असं विचार — ते रोज तिथे असतात, त्यांच्या पायांना ठाऊक असतं ते झाड तपासायच्या तुझ्या यंत्रालाही सापडायला वेळ लागेल.

आता जमिनीचं. इथे जरा थांबून बोलणार आहे, कंटाळू नकोस. नवी मुंबईतली बरीच जमीन खाजणावर भराव टाकून उभी राहिली. वर मुरूम-माती, खाली खारा चिखल, शेजारी पनवेलची खाडी. झाडाचं मूळ खाली जायला बघतं, खारं आणि कोंदट पाणी लागतं, आणि ते आडवं पसरतं. त्यात आपण वरून पेव्हर ब्लॉक बसवतो. मग जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की ओल्या मातीतून अख्खं झाड मुळांच्या ताटलीसकट उचललं जातं, आणि लोक म्हणतात फांद्या वाढल्या होत्या म्हणून पडलं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी १७ मेला तौक्ते कोकणाला लागून गेलं. त्या दोन्ही वेळी रस्त्यात आडव्या झालेल्या झाडांची मुळं बघितली असशील: कित्येकांना एका बाजूला मूळच नव्हतं, कधीतरी कुठल्या तरी चरात ते कापलं गेलं होतं. वरची पानं बोलतात, खालची मुळं भोगतात.

७. दिवसाचं पहिलं काम आळ्यांचं — श्वास घेणारी, अन्न ओढणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात; तिथली माती मोकळी झाली तर ते झाड तुझ्या कुठल्याही छाटणीपेक्षा जास्त सुखावतं.

८. बुंध्याला टेकलेले ब्लॉक परवानगीनं काढून निदान एक मीटर जागा मोकळी करून घे — दिल्लीतल्या झाडांसाठी हरित लवादानं २०१३ मध्ये हेच अंतर सांगितलं होतं, अधिकाऱ्यांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडतो.

९. ब्लॉक काढताना पहार नको, हातानं आणि खुरप्यानं काढा — पहारीच्या एका घावात सुटलेलं बोटभर मूळ पुन्हा तेवढं व्हायला कित्येक पावसाळे जातात.

१०. बुंधा जमिनीला मिळतो तिथे पसरट झालेला दिसला पाहिजे. दिसत नसेल तर वर चढवलेली माती हळूहळू बाजूला कर — साल सतत ओली राहिली की कुजते, आणि हे कुजणं वर पानांत दिसेपर्यंत फार उशीर होतो.

११. पाचोळा दोन-तीन इंच जाड पसरा, खोडापासून वीतभर लांब — ओल टिकते, माती भुसभुशीत राहते, आणि माळीदादांचं मे महिन्यातलं पाणी वाचतं. पाचोळा जाळायची सवय असेल तर रागावू नका, एक आळं करून दाखवा आणि पुढच्या महिन्यात तिथली माती त्यांच्याच हातात द्या.

१२. पाचोळ्याच्या जुन्या ढिगात थेट हात घालू नका, आधी काठीनं हलवा — खाडीजवळच्या बागेत साप निघणं नवल नाही, आणि तोही बिचारा सावलीलाच आलेला असतो.

१३. खोडाभोवतीच्या लोखंडी जाळ्या बघा, एकही सोडू नका — वाढत्या पोराचा करगोटा सैल करायला विसरावं तशी ही जाळी खोडात रुतत जाते. रुतलेली असेल तर ओढू नका, सुटी बाजू कापा आणि आत गेलेला तुकडा तसाच राहू द्या.

१४. खिळे, तारा, जाहिरातीच्या पाट्या, गेल्या गणपतीतल्या दिव्यांच्या माळा, सगळं उतरवा — खिळ्याच्या भोकातून बुरशीला वाट मिळते, आणि आवळलेली तार सालीतून खाली जाणारं अन्न अडवते. वटपौर्णिमेचा सुती दोरा कुजून जातो, त्याची काळजी नको; नायलॉनचा असेल तर तेवढा अलगद कापून घे, आणि पूजा करणाऱ्या बायकांशी मानानं बोल. पूजेसाठी फांदी ओरबाडून घरी नेणाऱ्यांपेक्षा त्या वडापर्यंत चालत येतात हे किती चांगलं.

बघ, एवढं करेपर्यंत दहा वाजले आणि कुणीच झाडावर चढलं नाही. तुझा पाय शिवशिवतोय हे मला इथे बसून दिसतंय. चढ आता, पण आणखी थोडं ऐकून.

१५. आधी झाडाभोवती पूर्ण फिर: बुंध्याशी जमिनीला भेग, एका बाजूला उचललेली माती, ढोली, खोडाच्या तळाशी फुटलेली कडक बुरशीची छत्री — गुलमोहराच्या बुंध्याशी अशी छत्री दिसली तर आत मूळ कुजतंय असं धरून चाल, आणि त्या झाडावर कुणीही चढायचं नाही.

१६. लाकडी हातोडीनं खोड वाजवून बघ — भरीव लाकडाचा आणि पोकळीचा आवाज वेगळा येतो; पोकळ म्हणजे पडणारच असं मात्र नाही, भोवतालची भिंत किती जाड उरली आहे ते बघायचं.

१७. दोन जाड फांद्या अरुंद खाचेत एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि मध्ये साल दबली असेल, तर ते झाड वहीत लाल शाईनं लिही — तिथे लाकडाला लाकूड जुळलेलंच नसतं, वाऱ्यात तेच आधी फाटतं.

१८. गुलमोहर बघायचा तर पानं गळल्यावर, फेब्रुवारी-मार्चात बघ — सांगाडा उघडा असतो, तुटकी आणि अडकलेली फांदी लपत नाही. त्याचं लाकूड ठिसूळ आणि मूळ उथळ, म्हणून बाकाच्या नि घसरगुंडीच्या वरचा गुलमोहर यादीत पहिला.

१९. डोक्यावर महावितरणची तार असेल तर ते झाड त्या दिवशीच्या यादीतून काढून टाक — वीज बंद करून घ्यायची ती त्यांच्याकडून, आणि त्यांचा माणूस तिथे उभा असताना.

२०. आग्यामोहोळ आहे का ते दुर्बिणीनं बघ, मगच यंत्र सुरू कर — आवाजानं आणि धुरानं त्या माश्या उठल्या तर तुझ्या आधी खाली खेळणारी पोरं सापडतात.

२१. चढाईचे काटेरी बूट जिवंत झाडाला नकोत — प्रत्येक पावलाला एक जखम होते. ते बूट तोडायच्या झाडासाठी असतात.

२२. दोर चढण्याआधी सबंध हातातून फिरव, आणि एकटा चढू नकोस — दोर जुना आणि भरवसा नवा, दोन्ही जमिनीवरच बरे. खाली उभ्या असलेल्या माणसालाही वरून उतरवायची विद्या आली पाहिजे, नुसतं फांदी ओढून नेणं नव्हे.

२३. फांदी पडेल त्याच्या दुप्पट जागेला पट्टी बांध, आणि पट्टीशी बोलका माणूस उभा कर — लहान मुलं पट्टीखालून वाकून येतात आणि मोठी माणसं ती उचलून येतात.

आता कापण्याचं. हे तू शिकलेला आहेस, परीक्षाही दिली आहेस, तरी सांगतो. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ मध्ये जे मांडलं त्यावर आजची सगळी छाटणी उभी आहे. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून भिंती घालून बंद करतं आणि भोवती नवं लाकूड चढवतं. आत गेलेली कूज तिथेच राहते, फक्त कोंडली जाते. भिंत घालायची सगळी तयारी फांदीच्या बुडाशी असलेल्या त्या फुगीर कड्यात असते. ते कडं राहिलं तर झाड स्वतःचं बघतं. ते खरवडून सपाट केलं, तर तिथून आत जाणारी कूज तुझ्या मुलाच्या काळापर्यंत खोड खात राहते. तोडायला घटका, झाकायला वर्षं.

२४. काप कड्याच्या बाहेर, ना खोडाला चिकटून, ना वीतभर खुंट सोडून — चिकटून कापलं तर भिंत जाते, खुंट सोडला तर तो कुजून कुजीला आत घेऊन येतो.

२५. जड फांदी तीन कापांत उतरव: खोडापासून फूटभर लांब खालून एक, त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा, आणि वजन गेल्यावर कड्याबाहेर तिसरा — खालचा काप टाळला तर पडणारी फांदी खोडाची साल फाडत हातभर खाली नेते.

२६. जखमेला डांबर, ऑइलपेंट काही फासू नका — त्यानं कूज थांबत नाही, ओल मात्र आत कोंडते. कुणी ‘औषध लावलं नाही का?’ म्हणालं तर समजावून सांगा. त्यांना काळजी आहे म्हणून ते विचारतात.

२७. एका वेळी जिवंत पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही शेवटची हद्द, आणि मोठ्या झाडाला त्याच्या बरंच आत थांबा — पानं हीच झाडाची कमाई आहे.

२८. शेंडा छाटायचा नाही, कुणीही कितीही आग्रह केला तरी — खाली घाईनं फुटणारे फुटवे सालीजवळून येतात, त्यांना आतून पकड नसते. दोन-तीन पावसाळ्यांत ते जड होतात आणि बाकावर येतात. तोपर्यंत तुम्ही तिथे नसता.

२९. इमारतीकडची बाजू साफ आणि बागेकडची तशीच, असं करू नका — एका अंगानं हलकं केलेलं झाड दुसऱ्या अंगाला झुकतं. आत वाळलेली, घासणारी, तुटून अडकलेली एवढीच काढलीत तरी दिवस सार्थकी लागला.

३०. गॅलरीत सूर्य येत नाही, कावळे ओरडतात, पानं पडतात, अशा विनंत्या येतील. सगळ्या नम्रपणे ऐक, वहीत लिही, आणि त्या दिवशी एकही मान्य करू नकोस — परवानगीत नसलेली एक फांदी ओळखीखातर कापली की पुढच्या रविवारी दहा ओळखी निघतात.

३१. कापण्याआधी ढोलीत आणि पानांत घरटं बघ — तांबट वाळक्या फांदीलाच भोक पाडून पिल्लं वाढवतो, बगळे पावसाळ्यात वसाहत करतात. खाली रस्ता किंवा बाक नसेल तर वाळकी फांदी तशीच राहू दे, ती त्यांची आहे.

३२. ऐन पावसाळ्यात ओली फांदी शक्यतो कापू नका — हवेत बुरशीचे बीजाणू, झाडावर ओल आणि घरट्यांत अंडी. धोक्याची असेल तेवढीच काढा, बाकीची थांबते.

३३. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत स्पिरिटनं पुसा, आणि पिठ्या ढेकूण दिसला तर त्या फांद्या ओढत सगळ्या बागेतून नेऊ नका — मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष या किडीनं वाळून गेले, आपल्या हातानं तिला पुढचं झाड दाखवायला नको.

३४. आंब्यावर बांडगूळ असेल तर पकडीच्या जागेखालून फांदीसकट काढ, नुसतं खुडू नकोस — आत शिरलेलं मूळ राहिलं की ते परत फुटतं. पण झाड धडधाकट असेल आणि बांडगूळ एखादंच असेल, तर राहू दे; फुलटोचा त्याच्यावरच जगतो.

३५. उतरवलेलं लाकूड बागेबाहेर जाऊ देऊ नका, शेगडीसाठी कुणी कळवळून मागितलं तरी माळीदादांकडे बोट दाखवा — ते पालिकेचं आहे. बारीक फांद्यांचा चुरा करून त्याच झाडांच्या आळ्यात घाला.

३६. ‘नवीन झाडं लावू का?’ असा उत्साह येईलच. लावायचीच तर खाडीच्या वाऱ्याला आणि खारेपणाला सोसणारी लावा, करंज, भेंड, उंडी — भराभर वाढतात म्हणून आणलेली परदेशी झाडं दोन वर्षं हिरवी दिसतात आणि पुढे डोकेदुखी होते. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातनं २०२३ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

३७. रोपाला दिलेला बांबू वर्षभरानं काढायचा असतो, त्याची तारीख आत्ताच वहीत लिही — वाऱ्यात हललं नाही तर खोड जाड होत नाही, आणि विसरलेली दोरी पुढे फास होते.

वही हा शब्द मी इतक्या वेळा का घेतला ते कळलं असेल. झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, काय दिसलं, काय केलं, काय सोडलं, कधी परत बघायचं, एवढंच लिहायचं. पाच वर्षांनी एकदा वृक्षगणना व्हावी असं कायदा सांगतो, पण दोन गणनांच्या मध्ये झाडाला कोण बघतं? तुमची वही. तिची एक प्रत उद्यान विभागात द्या, पोच घ्या, आणि लाल शाईची झाडं तोंडी पण सांगा. वाढदिवसाच्या फोटोंइतके फोटो काढता ना, त्यातले निम्मे झाडांच्या बुंध्यांचे काढा. आधीचा आणि नंतरचा, एकाच जागेवरून.

३८. धोक्याचं झाड दिसलं आणि त्या दिवशी काही करता आलं नाही, तर तिथला बाक हलवून घ्या — झाडाखाली बसणारं कुणी नसलं की निम्मा धोका तिथेच संपतो, आणि झाडही वाचतं.

३९. दसऱ्यानंतर परत या — पावसाळ्यात काय झुकलं, काय फुटलं ते तोवर दिसतं, आणि आपट्या-कांचनाच्या फांद्या सोन्यासाठी ओरबाडलेल्या असतात; त्या फाटक्या टोकांना नीट काप द्यायला एक तास पुरतो.

४०. येताना माळीदादांसाठी चांगल्या पोलादाची एक वाकडी हातकरवत घेऊन ये, आणि कड्याबाहेरचा काप त्यांच्याकडून तीन फांद्यांवर करून घे — तू महिन्यातून एकदा येणार, ते रोज सकाळी सहाला फाटक उघडतात. करवतीचे दात कसे साफ ठेवायचे तेही दाखव, आणि सुट्या पात्याचा दुकानदार पनवेलमध्ये कुठे आहे ते त्यांच्या वहीत लिहून दे.